फाइलचं आडनाव

फाइलवर डबल क्लिक केलं आणि ती भलत्याच प्रोग्राममध्ये उघडली, असं तुमच्या बाबतीत कधी ना कधी झालंच असेल. वर्डची फाइल नोटपॅडमध्ये उघडते आणि पडदाभर चौकोन नि प्रश्नचिन्हं नाचतात. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडते. जुन्या सीडीवरची फाइल तर उघडतच नाही, ‘ही कशाने उघडू?’ असं आपल्यालाच विचारते. बहुतेक लोक अशा वेळी ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून मोकळे होतात. माझ्या पीएचडीचा विषय जुना डिजिटल मराठी मजकूर हा आहे, आणि गेल्या काही वर्षांत माझ्यापुढे आलेल्या ‘करप्ट’ फाइलींपैकी बऱ्याच ठणठणीत होत्या. चुकीच्या दारात उभ्या होत्या इतकंच. हे दार चुकतं कसं, याला साठेक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला एक मोठा तुकडा खास आपला, मराठीचा आहे.

आधी आडनावाचं बघू. फाइलच्या नावात टिंबानंतर येणारी अक्षरं, म्हणजे डॉट डॉक, डॉट पीडीएफ, डॉट जेपीजी, यांना एक्स्टेन्शन म्हणतात. मी त्याला आडनाव म्हणते. आमच्या देवरूखात राहून हे सुचणं साहजिक आहे. देवरुखकर आडनावाचा माणूस डोंबिवलीत भेटतो, बडोद्यात भेटतो. त्याने देवरूख पाहिलेलं असेलच असं नाही. आडनाव एक अंदाज देतं, पुरावा देत नाही. फाइलचंही तसंच आहे. आडनाव ही बाहेर लावलेली पाटी आहे, आत काय आहे त्याच्याशी तिचा तांत्रिक संबंध शून्य. तुम्ही फोटोचं नाव बदलून डॉट डॉक केलंत तर फोटोचा निबंध होत नाही. फक्त कॉम्प्युटर फसतो आणि तो फोटो वर्डकडे नेऊन देतो.

मग हे आडनाव तीनच अक्षरांचं का? याचं उत्तर मला फार आवडतं. १९६०च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीची मोठी यंत्रं होती, त्यांचा शब्द ३६ बिटांचा असे. एका अक्षराला ६ बिट धरले की एका शब्दात सहा अक्षरं बसत, म्हणून फाइलचं नाव सहा अक्षरांचं. प्रकार सांगायला अर्धा शब्द ठेवलेला, १८ बिटांचा, त्यात तीन अक्षरं. झालं! यामागे कसलंही तत्त्वज्ञान नाही, जागेची काटकसर आहे. पुढे गॅरी किल्डॉल यांनी १९७४च्या सुमारास सीपीएम ही लहान यंत्रांची प्रणाली लिहिली. त्यांच्या नजरेसमोर हीच यंत्रं होती. त्यांनी नाव आठ अक्षरांचं केलं आणि आडनाव तीनचंच ठेवलं. १९८१मध्ये आलेल्या डॉसने तीच रीत उचलली. डॉसवरून विंडोजवर, आणि विंडोजवरून तुमच्या मोबाइलमधल्या लग्नपत्रिकेच्या पीडीएफवर. ३६ बिटांची ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली, पण त्यांच्या अर्ध्या शब्दाचं माप आपण अजून वापरतोय.

याच काळात दुसरे दोन रस्ते उपलब्ध होते, आणि माझ्या मते दोन्ही जास्त शहाणे होते.

पहिला युनिक्सचा. १९७३च्या युनिक्समध्ये ‘फाइल’ नावाचीच एक आज्ञा आली. ती आडनावाकडे बघतच नाही, फाइलच्या आत डोकावते. बहुतेक प्रकारच्या फाइली सुरुवातीच्या काही बाइटांत आपली खूण ठेवतात. पीडीएफ फाइल टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ या तीन अक्षरांनी सुरू होते. विंडोजचा कुठलाही चालणारा प्रोग्राम ‘एम झेड’ने सुरू होतो, ही मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की या इंजिनिअरची आद्याक्षरं. झिप फाइल ‘पी के’ने सुरू होते, म्हणजे झिपचे जनक फिल कॅट्झ. आणि गंमत म्हणजे वर्डच्या २००७नंतरच्या फाइलीही, ज्यांचं आडनाव डॉक-एक्स आहे, ‘पी के’नेच सुरू होतात. कारण त्या आतून झिपच आहेत. अशा फाइलची प्रत करा, आडनाव बदलून झिप करा आणि उघडा; आत फोल्डर दिसतील, तुमची चित्रं वेगळी ठेवलेली दिसतील. त्याआधीच्या डॉट डॉक फाइलींची खूण हेक्समध्ये लिहिली तर साधारण ‘डॉकफाइल’ असं वाचता येतं. इंजिनिअर लोकांना कुठे विनोद करावासा वाटेल सांगता येत नाही.

दुसरा रस्ता ॲपलचा. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाइलसोबत चार-चार अक्षरांच्या दोन नोंदी असत: ही फाइल कोणत्या प्रकारची आणि ती कोणत्या प्रोग्रामने तयार केली. म्हणजे दोन मजकूर-फाइली एकाच प्रकारच्या असूनही प्रत्येक आपापल्या प्रोग्राममध्येच उघडायची. नाव काहीही ठेवा. पण फाइल मॅकवरून विंडोजवर किंवा ईमेलने गेली की या नोंदी वाटेत गळून पडत. शेवटी २००९च्या आवृत्तीपासून ॲपलनेच ‘कोणी तयार केली’ ही नोंद मानणं सोडलं. चांगली कल्पना होती, पण शेजारी साथ देणारे नव्हते.

टिकलं ते आडनावच. विंडोजने ‘अमुक आडनाव आलं की तमुक प्रोग्राम’ अशी यादी ठेवली. आधी ती एका साध्या मजकूर-फाइलीत होती, १९९५पासून रजिस्ट्री नावाच्या वहीत. आणि या यादीवर कोणीही हात मारू शकत होता. नवा प्रोग्राम टाकला की तो गाणी, फोटो, व्हिडिओ सगळ्यांच्या आडनावांवर आपला हक्क लावून मोकळा. दुसरा टाकला की तो ते हिसकावून घेणार. सातबाऱ्यावर परस्पर नाव चढवण्यासारखाच प्रकार. २०१२च्या विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टने त्या नोंदीला एक प्रकारची मोहर लावली. प्रोग्रामने परस्पर नोंद बदलली तर मोहर जुळत नाही, तुम्ही स्वतः निवड केलीत तरच ती पक्की होते.

त्याआधी एक मोठा फटका बसून गेला होता. विंडोज ९५पासून ‘ओळखीची’ आडनावं पडद्यावर लपवलेली असत. मे २००० मध्ये जगभर ‘आय लव्ह यू’ नावाची ईमेल फिरली. सोबतच्या फाइलचं नाव टीएक्सटीने संपतंय असं दिसे, म्हणजे साधा मजकूर. खरं आडनाव त्याच्यापुढे होतं, व्हीबीएस, म्हणजे चालणारी स्क्रिप्ट. ते लपलेलं. लोकांनी प्रेमपत्र म्हणून उघडलं आणि ते चाललं. आजही नव्या कॉम्प्युटरवर आडनावं लपलेलीच येतात. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ला टिक करा. मी तर म्हणेन हा लेख वाचता वाचताच करून टाका.

आता दुरुस्ती सांगते, ती फार सोपी आहे. फाइलवर उजवी क्लिक, ‘ओपन विथ’, मग ‘चूज अनदर ॲप’. योग्य प्रोग्राम निवडा आणि ‘नेहमी हेच वापरा’ अशा अर्थाचा जो पर्याय असतो तो घ्या. त्या आडनावाच्या सगळ्या फाइली पुढे तिकडेच जातील. मोबाइलवर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर ‘ओपन बाय डिफॉल्ट’ असतं, तिथली जुनी निवड पुसा, म्हणजे फोन पुन्हा विचारतो. आणि प्रकारच कळत नसेल तर प्रत करून ती नोटपॅडमध्ये उघडा, पहिली चार अक्षरं वाचा. ‘पी के’ आहे की ‘पीडीएफ’ ते दिसेल. फक्त तिथे ‘सेव्ह’ करू नका. चुकीच्या प्रोग्राममध्ये उघडल्याने फाइल बिघडत नाही, चुकीच्या प्रोग्राममधून सेव्ह केल्याने बिघडते.

इथपर्यंतची गोष्ट जगात सगळीकडे सारखीच आहे. आता आपली.

समजा डॉट डॉक फाइल आहे, वर्डमध्येच उघडली, म्हणजे दार बरोबर आहे. तरी आत मराठी नाही. ‘देवरूख’ या शब्दाच्या जागी इंग्रजी एन, एस, ओ, मग कोलन, मग चौकटी कंस, मग के. ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच. हा कुठला सांकेतिक मजकूर नाही. कृतिदेव नावाच्या फाँटमध्ये ‘मराठी’ असंच लिहितात.

असं का झालं, ते समजायला १९८०च्या दशकात जावं लागतं. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्यांसाठी काम करत होते. त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र आलं. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि जिस्टचं काम पुण्यात आलं. जिस्टचं एक कार्ड असे, ते पीसीत बसवलं की डॉसवरच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये मराठी टाइप करता यायचं. त्यामागची संकेतपद्धती म्हणजे इस्की. भारतीय मानक ब्युरोने ती १९९१ मध्ये मानक म्हणून जाहीर केली. इस्कीची कल्पना देखणी होती. ‘क’ला एक क्रमांक, मग तो देवनागरी असो, कन्नड असो की बंगाली. लिपी ही फक्त दाखवण्याची बाब. आणि त्यात अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवलेलं असे.

पण १९९२च्या विंडोज ३.१ने ट्रूटाइप फाँट घरोघरी आणले आणि एक सोपी युक्ती सगळ्यांच्या हाती लागली. इंग्रजी अक्षराच्या खणात देवनागरीचं चित्र बसवायचं. ‘डी’च्या खणात क, ‘ई’च्या खणात म. कार्ड नको, मानक नको, कुठलाही प्रोग्राम चालतो. कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही इंग्रजी लिहिताय. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळुरूची आकृती, खुद्द सी-डॅकचे सुरेख, योगेश हे फाँट, शिवाजी, किरण, कृतिदेव... प्रत्येकाचे खण वेगळे. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात टाकला की चिवडा.

या युक्तीला नावं ठेवणं आज सोपं आहे. मी तसं करणार नाही, कारण तिच्यामुळेच महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यात डीटीपीची दुकानं उभी राहिली. रेमिंग्टन टाइपरायटरवर बसलेली बोटं कृतिदेवावर तशीच चालली. देवरूखसारख्या गावात लग्नपत्रिका, गणेशोत्सवाचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, पतपेढ्यांची वार्षिक पत्रकं पेजमेकरमध्ये लावून छापली जाऊ लागली. त्याआधी यातल्या कितीतरी गोष्टी छापल्याच जात नसत.

किंमत नंतर कळली. खरी गोम ही की या फाइलींमध्ये मराठी नाहीच आहे. मराठीचं चित्र आहे. आणि चित्राला डोळ्यांचा क्रम असतो, उच्चाराचा नाही. ‘गि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती आधी टाइप केलेली. ‘मार्ग’मधला रफार ‘ग’च्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो ‘ग’नंतर. वर्डला तर हे इंग्रजीच वाटतं, त्यामुळे तो मदतीला धावतो. परिच्छेदाचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. कृतिदेवात धाकटा ‘डी’ म्हणजे क, आणि मोठा ‘डी’ म्हणजे अर्धा क. म्हणजे ‘कोकण’ने सुरू होणाऱ्या परिच्छेदाचं पहिलंच अक्षर वर्ड पाय तोडून ठेवतो. ‘ण’ची तर गंमतच, तो इंग्रजी पूर्णविराम आणि के मिळून होतो. ज्या भाषेत कोकण, गणपती आणि पाणी आहे तिथे वर्डला किती वाक्यं संपल्यासारखी वाटत असतील!

मोडीशी तुलना करायचा मोह होतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत; आपण बाळबोध वाचणारी माणसं ते उघडतो आणि काही कळत नाही. कागद शाबूत आहे, वाचणारा चुकीचा आहे. पण मोडीच्या बाबतीत आपलं नशीब बरं, कारण लिपी शिकता येते आणि शिकलेली माणसं आहेत. श्री-लिपीच्या एखाद्या विशिष्ट आवृत्तीचे खण ‘शिकणारा’ माणूस कुठून आणायचा?

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली. देवनागरीचा भाग इस्कीच्या मांडणीवरच बेतलेला होता, म्हणजे कानपूर-पुण्याचं काम वाया गेलं नाही. पण आपल्या कॉम्प्युटरवर ते दिसायला २००० उजाडलं. विंडोज २०००सोबत ‘मंगल’ हा फाँट आला, तो आयआयटी मुंबईत शिकवलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचलेला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तरी छापखाने, वर्तमानपत्रं, कचेऱ्या जुन्या फाँटांवर बरीच वर्षं राहिल्या. माझ्या अभ्यासाचा काळ साधारण १९९२ ते २०१०, तो याचसाठी. त्याआधीचं हस्तलिखित किंवा छापील आहे, ते डोळ्यांनी वाचता येतं. नंतरचं बहुतांश युनिकोडमध्ये आहे. मधली वर्षं सीडी आणि फ्लॉपींवर अडकलेली आहेत, आणि ज्यांनी ती टाइप केली ते ऑपरेटर आता पन्नाशी-साठीत आहेत. कुठला फाँट वापरला होता ते त्यांना आठवतंय तोवर विचारून घ्यायला हवं.

या काळातलं एक काम सध्या माझ्या टेबलावर आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने वाडीवाडीत फिरून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. वह्या दोन होत्या. पुस्तक काढायचं म्हणून १९९०च्या दशकाच्या शेवटी मजकूर टाइप करून घेतला, पैसे जमले नाहीत, पुस्तक राहिलं. वह्यांना वाळवी लागली. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्या बायका गेल्या. उरली एक सीडी. घरच्यांनी ती दोन-तीन ठिकाणी दाखवली होती, सगळीकडे ‘फाइल उडाली’ असंच उत्तर मिळालं होतं.

सीडीवर दोन प्रकारच्या फाइली होत्या. काही पेजमेकर ६.५च्या. पेजमेकर आधी आल्डसचा, मग ॲडोबीचा झाला, ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ची. इनडिझाइनच्या सीएस ६पर्यंतच्या आवृत्त्या त्या फाइली उघडत, नंतरच्या उघडत नाहीत. लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्राम मात्र त्या बऱ्यापैकी उघडतो. मांडणी विस्कटते, मजकूर हाती लागतो. बाकीच्या वर्डच्या होत्या. तुमच्याकडे अशी वर्डची फाइल असेल तर एक युक्ती लक्षात ठेवा: फाँट तुमच्याकडे नसला तरी गिचमिडीवर कर्सर ठेवलात की वरच्या फाँटच्या खिडकीत मूळ फाँटचं नाव दिसतं. तेवढं कळलं की अर्धं काम झालं, कारण कन्व्हर्टर फाँटप्रमाणे निवडावा लागतो. पीडीएफ असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ‘फाँट्स’ बघा. अशी पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण तिच्यात ‘देवरूख’ शोधलंत तर सापडत नाही. कोलन आणि चौकटी कंसासकट ते वर सांगितलेलं शोधा, सापडेल.

फाँट कृतिदेव निघाला. कन्व्हर्टरने पहिल्याच फेरीत बहुतेक सगळ्या ओव्या वाचण्याजोग्या केल्या. वेलांट्या जागेवर आल्या, रफार आपल्या जागी गेले, वर्डने पाय तोडलेले क आणि म हाताने जोडले. शिक्षिकेच्या मुलीने छापील प्रत वाचून काही गावांची नावं सुधारून दिली.

अडकलंय ते अर्ध्या र पाशी. मराठीत दोन अर्धे र आहेत, ‘सूर्य’मधला रफार आणि ‘सुऱ्या’मधला आडवा. हिंदीला दुसऱ्याची गरज पडत नाही, आणि ऑपरेटरने या फाइलींत सगळीकडे रफारच टाइप केलेला आहे. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘गोऱ्या’ यांत काही अडचण नाही, मराठी माणूस ते ओळखतो. पण एका ओवीत भाऊ कुठेतरी गेलाय, आणि तो गेलाय ती जागा ‘दर्या’ आहे की ‘दऱ्या’, हे मजकुरावरून ठरत नाही. देवरूखच्या एका अंगाला सह्याद्री आहे आणि दुसऱ्या अंगाला रत्नागिरीचा समुद्र, त्यामुळे भूगोलही मदत करत नाही. घाट चढून देशावर गेलेला भाऊ आणि गलबतावर गेलेला भाऊ, दोघांच्याही ओव्या याच फाइलीत शेजारी-शेजारी आहेत. ती ओळ मी पिवळी करून ठेवली आहे. त्या वाडीतल्या कुणाला ही ओवी आजीकडून ऐकलेली आठवत असेल का, ते पावसाळा संपला की जाऊन विचारणार आहे.